थुंकी मागितलात, थुंकी दिली

लॅबच्या रजिस्टरात नमुना दिसायला कसा आहे ते लिहायचा एक बारीक रकाना असतो. त्यात एकच अक्षर लिहायचं. घट्ट, पिवळट बेडका असेल तर एम, रक्त मिसळलेलं असेल तर बी, नुसतीच लाळ असेल तर एस. 2024 च्या जुलैत, एका सोमवारी, मी त्या रकान्यात एस लिहिलं, पुढच्या रकान्यात निगेटिव्ह लिहिलं आणि सही ठोकली. तेव्हा काहीच खटकलं नाही. ऑक्टोबरात ती ओळ पुन्हा उघडावी लागली.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. गावातली माणसं ‘रगत तपासणारे’ म्हणतात. आमचा भाग जंगलाच्या अंगाचा. मलप्रभेचा उगम आहे ते कणकुंबी आमच्याच पट्ट्यात, त्यामुळे पाऊस काय असतो ते आम्हाला सांगायला नको. आभाळ भरून आलं की वीज जाते, झाड पडलं की बस बंद. बोलणं मराठी, कागद कन्नड. डॉक्टर बहुधा बागलकोट-विजापूरकडून बदलून आलेले. गावातले बापे कामाला गोव्यात आणि निम्म्या सुना चंदगड तालुक्यातून, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या.

ही बाईही तिकडचीच. बत्तीस-तेहतीस वर्षांची, पदरात दोन पोरं, नवरा मडगावला बांधकामावर. खोकला मृगापासनंच होता. घरच्यांनी तो चुलीच्या माथी मारला. पावसात ओली लाकडं फुंकणारी बाई खोकणारच, त्यात दवाखान्यात जाण्यासारखं काय? पुढं फाट्यावरच्या एका खाजगी डॉक्टरकडं तिनं तीन वेळा सुई घेतली, एकदा सलाईनची बाटलीही लावून घेतली. तरी कमी येईना, तेव्हा आमच्याकडं आली.

आमच्या डॉक्टरांचं मराठी तेव्हा तीन महिन्यांचं होतं. त्यांनी विचारलं, ‘‘किती वार झालं खोकला?’’ कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. बाई म्हणाली, ‘‘सगळेच वार की सायेब. सोमवार न्हाय, मंगळवार न्हाय, साती वार खोकतोय.’’ डॉक्टरांच्या कानात ‘साती वार’ एवढंच गेलं. त्यांनी केसपेपरवर सात आठवडे लिहिलं आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की टीबीची तपासणी करायची या नियमानं तिला माझ्याकडं धाडलं. शेजारी उभ्या नर्सला हसू आवरेना. पण त्या चुकीनंच काम बरोबर झालं होतं. बिघडवायला पुढं मी होतो.

सोमवार म्हणजे गरोदर बायांचा दिवस. टेबलावर हिमोग्लोबिनच्या नळ्या, तापाच्या स्लाइडी, दारात पंधरा-वीस माणसं. त्यात आठवड्यातले दोन दिवस मला दुसऱ्या केंद्रावर जावं लागायचं, म्हणून राहिलेल्या दिवसांत सगळं कोंबलेलं. मी मान वर न करता डबी पुढं केली आणि म्हणालो, ‘‘थुंकी आणा यात.’’ आमच्या मराठी पत्रकांवर ‘थुंकी तपासणी’च लिहिलेलं असतं, तोंडात तोच शब्द बसलाय.

बाई फणसाच्या झाडामागं गेली आणि दोन मिनिटांत परत आली. डबीत पांढरा फेस, वर बुडबुडे. असला नमुना परत करायचा असतो. नीट समजावून सांगायचं, दुसरी डबी द्यायची. मला हे शिकवलेलं आहे, मी नव्या पोरांना शिकवलेलंही आहे. पण त्या दिवशी मी डबीवर नंबर घातला, दुपारी स्लाइड केली, शंभर फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपखाली शंभर ठिकाणं, बघितली. काहीच नव्हतं. लाळेत असणार काय? मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला चांगल्या बेडक्यातसुद्धा एका मिलीलिटरमागं साधारण 10,000 तरी असावे लागतात.

नियमानं दुसरा नमुना सकाळी उठल्या उठल्या घरी काढून आणायचा असतो. त्याचीही डबी दिली होती. पण दुसऱ्या दिवशी ओढ्याला पाणी आलं, बस आली नाही आणि बाईही आली नाही. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे लिहिला होता, तो तालुक्याला. इथं एक गोष्ट मला नंतर कळली. कर्नाटकात 2023 च्या जूनपासून बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण ओळखपत्र कर्नाटकचं पाहिजे. हिचं आधार माहेरच्या नावाचं आणि चंदगडच्या पत्त्याचं. सासूला तिकीट नाही, सुनेला पुरं तिकीट. सासू म्हणाली, रिपोर्ट निल आलाय तर फोटो कशाला काढायचा? आणि तिचं काय चुकलं? रिपोर्ट मीच दिला होता.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, भाताची कापणी चालू असताना, ती परत आली. जाऊ हाताला धरून आणत होती. मी ओळखलंच नाही. जुलैच्या केसपेपरवर वजन 38 होतं, आता काटा 33 वर थांबला. गालाची हाडं वर आलेली, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. सासू मागं पिशवी घेऊन. डॉक्टरांनी टीबीचं नाव काढल्याबरोबर तिनं पिशवीतनं प्लॅस्टिकच्या कागदात जपून ठेवलेला रिपोर्ट काढला. ‘‘हे बगा. तुमच्याच दवाखान्यात तपासलंय. टीबी न्हाय म्हणून लिवलंय. सईबी हाय.’’

सही माझी होती.

त्या कागदानं तीन महिने काय काय केलं ते मग एकेक बाहेर आलं. फाट्यावरच्या डॉक्टरनं तो बघून दम्याच्या गोळ्या सुरू केल्या. मध्ये एकदा सात दिवस लिव्होफ्लॉक्सासिन नावाची अँटिबायोटिक गोळी दिली. ही गोळी टीबीच्या जंतूंनाही अर्धमेलं करते, त्यामुळे पंधरा दिवस बाईला खरंच बरं वाटलं, घरच्यांना वाटलं रोग कळला. मग खोकला परत, ताप परत. चंदगडला माहेरी गेली, तिथल्या डॉक्टरनं टीबीबद्दल विचारलं तर भावानं मोबाईलवरचा रिपोर्टचा फोटो दाखवला. म्हणजे दोन राज्यांत मिळून जिथं जिथं कुणाला शंका आली, तिथं तिथं माझा कागद आडवा गेला. नुसतं तपासलंच नसतं तर बरं झालं असतं, असं वाटायची वेळ आली.

डॉक्टरांना मी रजिस्टर दाखवलं. त्यांनी एसवर बोट ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘आय्तु बिडी, ईग माडी.’’ झालं ते सोडा, आता करा. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

मी डबी घेऊन स्वतः बाहेर आलो. नमुना उघड्यावर, वाऱ्यात काढायचा असतो, खोलीत नाही. मागच्या अंगाला ऊन होतं, तिथं बाईला पायरीवर बसवलं आणि म्हणालो, ‘‘अक्का, आज थुंकी नको. बेडका पाहिजे. छातीतला, घट्ट.’’

तिनं पदर तोंडावरून काढला. ‘‘मग त्या दिवशी तसं सांगायचं की अण्णा! थुंकी मागितलात, थुंकी दिली.’’

काय बोलणार? मराठीत थुंकी म्हणजे तोंडातली लाळच. पोरगं पाटी पुसतं ती थुंकी. कन्नडमध्ये आमचे लोक सरळ ‘कफ’ म्हणतात आणि त्यात घोटाळा होत नाही. मराठी पत्रक लिहिणाऱ्याला बेडका हा शब्द घाण वाटला असेल. मलाही पेशंटपुढं तो उच्चारायला जड जायचं, खोटं कशाला बोलू. रोग छातीत आणि आम्ही सभ्य शब्द वापरून तोंडातलं मागतोय.

शब्द कळला तरी पुढचं होईना. तिनं चूळ भरली, लांब श्वास घेतला आणि पदरात तोंड घालून ‘खुक्’ केलं. परत फेस. जाऊ म्हणाली, ‘‘बाईमाणसानं बाप्यासमोर खाकरायचं व्हय हो? घरात मोठ्यानं खोकली तरी आत्याबाई डोळे वटारत्यात.’’ मला हेही चार वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. तेव्हा एका प्रशिक्षणात ऐकलं होतं की पाकिस्तानात रावळपिंडीला बायकांना नमुना कसा काढायचा हे नुसतं नीट समजावून सांगितलं, तर टीबी सापडणाऱ्या बायकांची संख्या वाढली. 2007 साली तो अभ्यास छापून आला. प्रशिक्षणात मी ते वहीत लिहून घेतलं, जेवायला बिर्याणी होती तेही आठवतं.

मी बाजूला झालो आणि आमच्या नर्सबाईंना बोलावलं. त्या हुबळीच्या, मराठी मोडकं, पण त्यांनी पायरीवर बसून स्वतः करून दाखवलं. दोनदा खोल श्वास, धरून ठेवायचा, सोडायचा, तिसऱ्यांदा घेऊन पोटातनं जोर लावायचा. असं खाकरल्या की पलीकडं मतदार यादीचं काम करत बसलेले मास्तर उठून उभे राहिले. बायका हसल्या. पेशंटही हसली आणि हसता हसता तिला खरी ढास लागली. भिंतीच्या आडून मला तो आवाज आला. डबी आली तेव्हा तळाला हिरवट पिवळा गोळा होता, एका कडेला तांबूस धागा. रकान्यात एम आणि बी दोन्ही लिहिली.

वीज नव्हती. स्लाइडवर काडीनं पातळ थर पसरला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला. वर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही, पाच मिनिटं. त्या फिनॉलच्या वासाला मी वीस वर्षांत सरावलोय, पण त्या दिवशी घशाशी आला. मग 25 टक्के सल्फ्युरिक आम्ल. सगळा लाल रंग धुऊन जातो, एक टीबीचा जंतू तेवढा सोडत नाही. मग वरनं मिथिलीन ब्लू. आमच्या जुन्या मायक्रोस्कोपला आरसा आहे, तो खिडकीतल्या उन्हाकडं वळवला, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

पहिल्याच फील्डला निळ्यावर लाल काड्या. एकट्या, जोडीनं, काही ठिकाणी सरपणाची मोळी सुटल्यासारख्या. पंधरापुढं मोजायचं थांबलो. वीस फील्डमध्ये दरेक ठिकाणी दहाच्या वर असले की 3 प्लस, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. विसाव्यानंतरही मी फील्ड सरकवतच राहिलो, उगीच.

जंतू औषधाला दाद देतो की नाही हे बघायला त्याच डबीतला उरलेला नमुना बर्फाच्या पिशवीत बांधून ट्रूनॅट यंत्रावरच्या तपासणीसाठी तालुक्याला पाठवला. हे यंत्र बनतं गोव्यात, आमच्या माणसांच्या रोजच्या रस्त्यावर, पण आमच्या केंद्रापर्यंत काही पोचलेलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, रिफाम्पिसिन, म्हणजे टीबीचं मुख्य औषध, चालतंय. निदान तेवढं तरी.

मग निक्षयवर, म्हणजे टीबीच्या पेशंटांच्या सरकारी पोर्टलवर, नोंद. नाव आधारवर एक, केसपेपरवर दुसरं. पत्ता महाराष्ट्राचा, राहणं कर्नाटकात. बँकेचं खातं चंदगडला, लग्नाच्या आधीचं, दहा वर्षं न वापरलेलं. पोषण आहाराचे महिन्याला 500 चे 1000 त्याच नोव्हेंबरपासून झाले होते, पण ते खात्यावर जातात आणि खातं झोपलेलं. हे सगळं सरळ व्हायला दीड महिना गेला. गोळ्या मात्र त्याच दिवशी सुरू केल्या.

सासू आशा कार्यकर्तीला दारात येऊ देईना. ‘‘वही घेऊन येऊ नको आमच्यात. लेकीचं बघायचं चाललंय.’’ आशा हुशार, ती गोळ्या तांदळाच्या पिशवीतनं न्यायला लागली. पोरांना तपासायचं होतं, ती बालवाडीच्या वजनाच्या निमित्तानं आली. दोघंही ठीक निघाली, त्यांना रोग होऊ नये म्हणून गोळी सुरू केली. नवरा दिवाळीला आला तो थेट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं आता भांडणार. त्यानं विचारलं, ‘‘मलाबी डबी पाहिजे ना?’’

मी सासूला सांगितलं होतं की पहिला रिपोर्ट चुकला, चूक माझी. कागद परत मागितला. तिनं दिला नाही. म्हणाली, असू दे. का असू दे, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

भिंतीवरच्या पाटीवर ‘थुंकी’ खोडून मी रंगानं ‘छातीतला बेडका’ लिहिलं. वरून तपासणीला आलेल्या साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून ते टिकलं.

जानेवारीत, दोन महिन्यांच्या गोळ्या झाल्यावर, फेरतपासणीला ती एकटीच आली. वजन 37. मी डबी पुढं केली, मान वर करून, आणि शब्द नीट उच्चारला. ती फणसाच्या झाडाकडं गेली. बराच वेळ झाला. खाकरल्याचा चांगला खणखणीत आवाज दोन-तीनदा आला. परत आली ती डबी पुढं धरून हसतच.

‘‘बेडका येतच न्हाय की अण्णा आता. ही थुंकी चालंल काय?’’

मी डबी उजेडात धरली. पांढरा फेस, वर बुडबुडे. रजिस्टर ओढलं, एस लिहिलं आणि उद्या सकाळची दुसरी डबी तिच्या पिशवीत टाकली.