वऱ्हाडातून खोपोलीला: इमॅजिकाची कौटुंबिक सहल आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

मूर्तिजापूर तालुक्यातून खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचे म्हणजे रेल्वेचा साडेपाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करायचा आणि त्यावर लोकल व रिक्षा. मुंबई-पुण्याच्या लोकांना जे एखाद्या रविवारी सहज साधते, त्यासाठी आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबाला शेतीची कामे, मुलांची शाळा आणि हातात आलेला पैसा या तिन्हींचा मेळ बसवावा लागतो. एवढ्या दुरून एकदा गेल्यावर लवकर पुन्हा जाणे होत नाही. म्हणूनच तिथला दिवस आखताना सर्वांत मोठ्या राइडपेक्षा घरातल्या सर्वांत लहान मुलाचा आणि सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. आमच्यात माझी आई, पत्नी, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि धाकटा भाऊ व त्याची पत्नी अशी सगळ्या वयांची माणसे होती.

कधी जावे, हा प्रश्न विदर्भातल्या कुटुंबासाठी थोडा निराळा आहे. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे जूनच्या मध्यानंतर इतर भागातली मुले शाळेत गेलेली असतात, तर आपल्या मुलांची सुट्टी चालूच असते. गर्दी टाळण्यासाठी हे दिवस सोयीचे वाटतात. परंतु त्याच वेळी आपल्याकडे पेरणीची धांदल असते आणि खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने तिथे पाऊस जोरात सुरू झालेला असतो. विजा चमकू लागल्या किंवा पाऊस फार वाढला, तर उंचावरच्या राइड सुरक्षिततेसाठी थांबवाव्याच लागतात. दिवाळीत कापूस वेचणीला आलेला असतो आणि पार्कही माणसांनी फुललेले असते. आम्ही तूर घरात आल्यावर आणि हरभरा सोंगणीला येण्याआधी, जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाची गर्दी ओसरल्यावर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी गेलो. मुलांच्या शाळेची रीतसर परवानगी घेतली होती. हवा थंड होती, रांगा आटोक्यात होत्या आणि आईला उन्हाचा त्रास झाला नाही. ज्यांना जमेल त्यांनी हाच काळ निवडावा.

अमरावतीहून संध्याकाळी सुटणारी मुंबईची गाडी सोयीची आहे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. ज्येष्ठांसाठी खालचा बर्थ मिळावा म्हणून अर्ज भरतानाच वय अचूक लिहावे. गाडीतून मुंबईपर्यंत न जाता पहाटे कल्याणलाच उतरावे, कारण कर्जत आणि खोपोलीकडे जाणारी लोकल तिथूनच मिळते आणि मुंबईपर्यंत जाऊन उलटे येण्याचा फेरा वाचतो. कर्जतच्या गाड्या वारंवार असतात, पण थेट खोपोलीच्या थोड्याच असल्याने कर्जतला गाडी बदलण्याची तयारी ठेवावी. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलना जी तोबा गर्दी असते, ती उलट्या दिशेने नसते. सामान आणि म्हातारे माणूस घेऊन बसायला जागा मिळते. खोपोली स्थानकाबाहेर पाली रस्त्याने जाणाऱ्या रिक्षा मिळतात. भाडे बसण्याआधी ठरवावे आणि परतीचे काय, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. निघण्यापूर्वी मुलांची उंची घरीच, अनवाणी उभे करून, टेपने मोजावी. थरारक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी कुणाच्याही विनवणीला बधत नाही, जे अगदी योग्य आहे. मोठ्या रोलरकोस्टरसाठी साधारणपणे १४० सेंटिमीटर उंची लागते. खांद्यांवरून येणारे कुलूपबंद जोखड ठरावीक आकाराच्या शरीरासाठीच बनवलेले असते. मूल लहान असेल तर ते नीट आवळले जात नाही, हे त्यामागचे कारण आहे. आम्ही दाराच्या चौकटीवर खुणा करून मुलाला कोणत्या राइड मिळतील आणि कोणत्या मिळणार नाहीत, हे घरीच समजावले होते. म्हणून ताईला निट्रो या मोठ्या रोलरकोस्टरकडे जाताना पाहून तो रुसला नाही. तासभर रांगेत उभे राहून दाराशी नकार ऐकलेली आणि रडणारी दोन-तीन लेकरे आम्ही पाहिली, तेव्हा फार वाईट वाटले.

निट्रो हा या पार्कमधला सर्वांत मोठा रोलरकोस्टर आहे. पार्क २०१३ साली सुरू झाले, त्याच वर्षी तोही आला. तो स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबियार या कंपनीने बनवलेला आहे. उंची सुमारे ४० मीटर आहे आणि वाटेत माणूस पाच वेळा उलटा होतो. आसनाखाली जमीनच नसते, पाय अधांतरी लोंबतात, म्हणून चपला काढूनच बसावे लागते. साखळी गाडीला टोकापर्यंत ओढून नेते. त्यानंतर इंजिन नसते, जे काही घडते ते गुरुत्वाकर्षणाने घडते. मुलीने रांगेतच नववीच्या विज्ञानातले सूत्र वापरून हिशेब मांडला: ४० मीटरवरून घर्षणाशिवाय खाली आल्यास वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो, आणि त्यात माणसाचे वजन कुठेच येत नाही. काकाचा आणि आपला वेग सारखाच असणार, हे तिने ठासून सांगितले. गाडीला रुळाच्या वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्ही बाजूंनी चाके असतात. उलटे झाल्यावरही ती रुळाला धरून राहते ती त्यामुळेच. हे ठाऊक असले की भीती संपत नाही, पण मनाला आधार मिळतो. डोके मागे टेकवून ठेवावे, मान ताठ करू नये आणि भरल्या पोटी बसू नये. रक्तदाब, हृदय, पाठ किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी अशा राइडमध्ये बसू नये. पहिली राइड हीच घ्यावी, कारण दुपारनंतर तिथली रांग सर्वांत लांब होते.

आईला उंच पाळण्याचा अनुभव होता तो बहिरमच्या यात्रेतला. निट्रो पाहून ती म्हणाली, "हे पोरायसाठीच हाय बापा, मले पाण्याच्या होडीत बसवा." राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर ही ती होडीची सफर. काळोख्या बोगद्यातून जाता जाता डायनासोर दिसतात आणि शेवटी होडी जोरात पाण्यात उतरते. राजासॉरस हा खराखुरा प्राणी होता. त्याची हाडे नर्मदेच्या खोऱ्यात गुजरातमध्ये सापडली आणि ज्या लामेटा खडकांत ती सापडली, तेच खडक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यालाही आहेत, जिथे डायनासोरांचे जीवाश्म मिळतात. मुलाला हे सांगितल्यावर त्याने पिसदुऱ्याला कधी जायचे, हेच दिवसभर विचारले. या सफरीत कपडे भिजतात, म्हणून ती दुपारच्या उन्हात घ्यावी आणि थंडीत आजीसाठी कोरडे लुगडे जवळ असावे. सलीमगढ हा भुताटकीचा वाडा मात्र लहान मुलांना दाखवू नये. आम्ही मुलाला पत्नीजवळ बाहेरच थांबवले.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत आणि दारावर पिशव्या तपासतात. गाडीसाठी आणलेल्या दशम्या आणि चटणी सकाळीच, कर्जतच्या फलाटावर संपवाव्यात. जेवणाचा खर्च तिकिटाच्या हिशेबात आधीच धरावा. वॉटर पार्कचे तिकीट वेगळे असते आणि तिथे सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. लांबून येणाऱ्यांनी दोन्ही पार्क एकाच दिवशी करण्याचा हट्ट धरू नये. थकलेली मुले कोणताच आनंद घेत नाहीत.

परतीची गाडी त्याच रात्रीची काढू नये. पार्कमधून पाचच्या सुमारास धावत सुटल्याशिवाय ती मिळणे कठीण आहे, आणि संध्याकाळी रोषणाई सुरू झाल्यावरच तर तिथे खरी मजा येते. आम्ही खोपोलीत साध्या लॉजवर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून आधी महडच्या वरदविनायकाचे आणि नंतर पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेतले. अष्टविनायकांपैकी ही दोन स्थाने जवळच असल्याने आईची बरीच जुनी इच्छा त्याच फेरीत पूर्ण झाली. पालीहून दुपारी निघाल्यास खोपोली-कर्जतमार्गे कल्याणला रात्रीच्या गाडीआधी निवांत पोहोचता येते. तिथे फलाटावर थांबण्याऐवजी ज्येष्ठांना घेऊन प्रतीक्षालयात बसावे.