बारावी कुरडई

नियम पहिला: चंद्र चिकटवायचा नाही.

हा नियम आमच्या ग्रुपवर पहिल्याच महिन्यात करावा लागला. शाळेतले आम्ही सहा जण. दोघं अजून सोलापुरातच, बाकीचे पुण्या-हैदराबादकडे पांगलेले. दर महिन्याला एकानं स्वतः काढलेला फोटो टाकायचा आणि शनिवार रात्रीपासून रविवार संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनी तोच फोटो हवा तसा सजवायचा, कापायचा, नाहीतर बिघडवायचा. बक्षीस काही नाही. पहिला फोटो सिद्धेश्वर तलावाचा होता, मावळतीच्या वेळचा. आमच्या बँकवाल्यानं देवळाच्या वर चंद्राची सुरेख कोर आणून बसवली. झकास दिसत होतं. पण सूर्य डावीकडे बुडतोय आणि कोरीची उजळ बाजू उजवीकडे! चंद्र सूर्याकडे पाठ करून रुसून बसलेला. "हा कुठला चंद्र आणलास बे?" म्हणून त्याला आठवडाभर पिडलं, आणि बाहेरचं काही आणायचं नाही असं ठरलं. जे काही करायचं ते त्याच फोटोतल्या मालावर.

दुसरा नियम कंटाळवाणा आहे. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप त्याला दाबून दाबून निम्मा करतं.

मे महिन्यात पाळी माझी होती. मामाच्या घरी सोलापूरच्या पूर्व भागात गेलो होतो, गच्चीवर चढलो. दुपारचा एक. ऊन असं, की गच्चीची फरशी अनवाणी पायाला डाग देईल. दोरीवर चार चादरी वाळत होत्या. तीन लाल-हिरव्या, एक काळी-पांढरी. मागं पाण्याची टाकी, विजेच्या तारा आणि पांढरंफटक आकाश. मला चादरी आवडल्या, मी फोटो काढला, टाकला.

पुण्यातल्या मास्तरांनी आधी आकाश दुरुस्त करायला घेतलं. म्हणजे ब्राइटनेस खाली, खाली, आणखी खाली. आकाश निळं होईना, फक्त मळकं झालं. लग्नातले फोटोग्राफर ज्याला 'ओव्हर झालंय' म्हणतात, ते हेच. पांढऱ्यात लाल, हिरवा, निळा, तिन्हींचा आकडा २५५ ला जाऊन टेकला की कॅमेऱ्यानं तिथलं काही टिपलेलंच नसतं. मास्तर मात्र मुलाची उत्तरपत्रिका कोरी असली तरी दोन मार्क शोधणारे. दीड तास झटले बिचारे.

बँकवाल्यानं या खेपेला सभ्यपणे ब्लॅक अँड व्हाइट केलं. आणि तीन चादरींची नक्षी गायब! लाल आणि हिरवा सारख्याच गडदपणाचे असले की करड्यात दोघं एकमेकांत विरघळतात. मोर होते तिथं गोणपाट झालं. मागवाला मित्र खवळला. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर चादरीच्या डिझाइनचे पुठ्ठे पंचिंग केलेत. नक्षी गेली म्हणजे त्याच्या घरचं काहीतरी गेलं. मग त्यानंच बँकवाल्याला फोनवर शिकवलं, की रंग काढण्याआधी लालची पट्टी वर ओढ, हिरवीची खाली. मोर परत आले.

या मित्राच्या घरी मी लहानपणी ते काम बघत बसायचो. आधी ग्राफपेपरवर चित्र. एकेक चौकट भरायची. वाकडी रेघ नसतेच, सगळ्या पायऱ्या. मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं. भोक असलं तर धागा उचलणार, नसलं तर नाही. फ्रान्सच्या जाकारनं १८०४ साली काढलेली ही युक्ती. आमच्याकडे 'जकार्ड' या नावानं ती इतकी रुळली, की कुणाला वाटावं सोलापूरच्या अशोक चौकातच शोध लागला. फोटो खूप मोठा करून बघितला की जे चौकोन दिसतात, ते मला त्या ग्राफपेपरसारखेच वाटतात.

तर या गड्यानं स्वतः काय केलं? अख्खा फोटो निगेटिव्ह करून टाकला. काळं आकाश, भुतासारखी टाकी. आम्ही हसलो. तो म्हणाला, "कोपऱ्यातली काळी-पांढरी चादर बघा की. उलटी बाजू अशीच असती." खरंच होतं. आपल्या चादरीला दोन्ही बाजूंनी तीच नक्षी, रंगांची फक्त अदलाबदल. तीस वर्षं अंगावर घेऊन झोपलो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. माझं मत तिथंच ठरलं.

पण हैदराबादच्या मैत्रिणीचा फोटो यायचा होता. रविवारी संध्याकाळी आला. चादरी कापलेल्या. टाकी, तारा, आकाश, सगळं कापलेलं. मी ज्यासाठी फोटो काढला होता त्यातलं काहीच नाही. उरला होता फक्त खालचा उजवा कोपरा: जुन्या धोतरावर वाळत घातलेल्या कुरडया. चादरीच्या सावलीची कड त्यांच्यावरून तिरपी गेलेली. मी तिथं उभा होतो आणि मला त्या दिसल्या नव्हत्या, असं म्हणायला जागा होती. तिनं खाली लिहिलं होतं, "दुसऱ्या ओळीतली एक कुणी खाल्ली?"

अर्धवट वाळलेली कुरडई कशी लागते, हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. वरून कडक, आत चीक मऊ.

ग्रुपवर पोलीस चौकशी सुरू झाली. त्यात मी मामालाही पाठवलेला फोटो त्यानं मामीला दाखवला. मामी म्हणाली, "बारा-बाराच्या ओळी घातल्या होत्या मी." आता घरची अब्रू. मी फोनवर ते डाग पुसायचं हत्यार उघडलं, रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. शेजारचा भाग उचलून त्यानं जागा भरली. नियमही मोडला नाही, माल त्याच फोटोतला. 'हा घ्या मूळ फोटो, बारा आहेत' असं लिहून मामाला पाठवून दिला.

मामा एके काळी फोटो स्टुडिओत टचिंग करायचा. मुलगी दाखवायच्या फोटोत गालावर फोड असली, तर निगेटिव्हवर तो ठिपका पातळ, काचेसारखा येतो. तिथं टोकदार पेन्सिलीनं शिसं भरायचं, म्हणजे कागदावर तेवढी जागा उजळते आणि फोड जाते. शिसं जास्त झालं की गालाला कोड. किती लग्नं त्या पेन्सिलीवर जमली, ते तो सांगत नाही.

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. भिंग लावून बघितलं असणार.

"सातवी आणि आठवी एकच आहे रे. आणि आठवीची सावलीपण सातवीचीच. मामी विचारतीय, डब्यात भरून देऊ का?"