आमची वाटचाल: पंप-नोझलच्या दुकानापासून पाव मैलापर्यंत

आमच्या गॅरेजचे मूळ वडिलांच्या दुकानात आहे. नागपुरात अमरावती रस्त्यावर वाडीला मालट्रकांचा राबता मोठा, आणि वडील तेथे डिझेलचे पंप व नोझल दुरुस्त करीत. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यामुळे काही वर्षांपूर्वी काटोलकडचा एक तरुण संत्रा बागायतदार आपली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप घेऊन आला आणि ‘भाऊ, इले ड्रॅगसाठी तयार करून द्या’ म्हणाला (ड्रॅग म्हणजे सरळ पट्टीवरची, थोड्या अंतराची शर्यत), तेव्हा मी पहिला हात साहजिकच इंजिनाला घातला. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे त्या 2.5 लिटर डिझेल इंजिनाची ताकद 134 पीएस आणि टॉर्क 320 न्यूटन-मीटर. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलून, टर्बोचा (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या यंत्राचा) दाब व डिझेल बेताने वाढवले आणि ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा बसवला. मे महिन्याच्या नागपुरात हवा इतकी तापून विरळ होते की चाचण्या पहाटेच घ्याव्या लागल्या. काळा धूर मात्र निघू दिला नाही; धूर म्हणजे वाया गेलेले डिझेल, हे पंपाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

मग सातशेहून अधिक किलोमीटर जाऊन लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर आम्ही गाडी उभी केली. शर्यत पाव मैलाची, म्हणजे सुमारे 402 मीटरची. हिरवा दिवा लागला, क्लच सुटला आणि मागची चाके जागच्या जागी थडथड उड्या मारू लागली. दोन फेऱ्या अशाच गेल्या. तिसरीत प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) तुटला. गाडी ट्रकवर चढवून परत आणली आणि ते भाडे मी स्वतः भरले, कारण चूक माझी होती.

वाटेत वेळेच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचल्या. शेवटच्या टप्प्यातला वेग इंजिनाची ताकद सांगतो, आणि तो चांगला होता. पहिल्या 60 फुटांचा वेळ पकड सांगतो, आणि तो 2.9 सेकंद, म्हणजे अगदीच वाईट. पिकअपचा हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका राहतो. त्यात मागचा अॅक्सल पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसवलेला. चाके पुढे रेटली जातात तेव्हा अॅक्सल स्वतः उलट दिशेला पिळला जातो, पाटे इंग्रजी ‘एस’सारखे वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात, चाक उडते ते यामुळे, आणि प्रत्येक उडीचा धक्का क्रॉसवर बसतो.

इलाज सोपा दिसत होता, म्हणजे अॅक्सल आणि चासी यांच्यात आधाराचे दांडे घालायचे. पण तीच गाडी आठवडाभर संत्र्यांचे क्रेट घेऊन कळमन्याच्या बाजारात जाते. दांडे वेल्डिंगने पक्के केले असते तर क्रेट भरल्यावर पाट्यांना दबायला वावच उरला नसता. म्हणून पुढचे टोक झुलत्या कडीवर ठेवले आणि सगळे बोल्टने जोडले. पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागाला क्लॅम्प लावले, क्लच जड बसवला आणि मागच्या टायरांची हवा फेरीपुरती कमी केली. या कामात सहा आठवडे गेले. पुढच्या खेपेस 60 फूट 2.5 सेकंदांत आले आणि पूर्ण अंतराचा वेळ 18.4 वरून 17.7 वर उतरला. इंजिनात त्या वेळी आम्ही काहीही बदलले नव्हते.

तेव्हापासून आमच्याकडे पिकअप आली की आधी घोडीवर (गाडी उचलून धरणाऱ्या स्टँडवर) चढते आणि बॉनेट शेवटी उघडते. काही गिऱ्हाईक यावर नाराज होतात. त्यांना आवाज आणि धूर हवा असतो. वर्धा रोडवर रात्री पैज लावायची आहे म्हणणाऱ्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 189 सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतीला शिक्षा सांगते, तर कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू घेतली. त्यामुळे प्रत्येक गाडीच्या ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची, मूळ फाइल आम्ही जपून ठेवतो. शर्यतीहून परतल्यावर ती पुन्हा भरली जाते, दांडे उतरतात आणि मगच किल्ली मालकाच्या हाती जाते.

काटोलची ती गाडी अजून येते. गेल्या खेपेस हौद्याच्या फटींत संत्र्याची वाळलेली पाने अडकली होती, आणि दांड्यांचे बोल्ट काढण्याआधी आमच्या पोराला ती झाडावी लागली.