लगामामागचे आयुष्य
हार्नेस रेसिंगमध्ये घोड्याला चौखूर उधळण्याची मुभा नसते. हलक्या दुचाकी गाडीला जुंपलेल्या घोड्याने दुडक्या चालीने, किंवा एकाच बाजूचे पुढचे-मागचे पाय एकदम टाकत धावायचे, आणि चाल मोडलीच तर चालकाने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचे, असा नियम आहे. मला भुरळ पडली ती या संयमाची.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९४० साली जन्मलेल्या एर्वे फिलियन यांनी अशा १५,००० हून अधिक शर्यती जिंकल्या. एकट्या १९८९ मध्ये त्यांनी ८१४ विजय मिळवले, म्हणजे दिवसाला सरासरी दोनहून अधिक (हा हिशेब मी दोनदा करून पाहिला). लगाम त्यांनी कायमचा खाली ठेवला तो सत्तरी उलटल्यावर, २०१२ साली.