तुम्ही विचारलंत म्हणून: भाजलेल्या जागी घाम का येत नाही?

सोलापुरात त्वचारोगांवर उपचार करताना मला वारंवार विचारले जाते, "डॉक्टर, भाजलेल्या जागी कातडी नवी आली, मग घाम का येत नाही?" एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाचे सारे अंग निथळत असते आणि व्रणाची तेवढी जागा कोरडी, तापलेली राहते, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नसतो.

आपल्या अंगावरच्या २० ते ४० लाख स्वेदग्रंथी, म्हणजे घामाच्या ग्रंथी, आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर नवी ग्रंथी घडत नाही. ग्रंथीतील पेशींचे नूतनीकरण मात्र चालू असते, तेही जागेनुसार निराळे. घाम वर आणणाऱ्या नळीचे वरचे टोक बाह्यत्वचेतून जाते, तिथल्या पेशी त्वचेबरोबरच झडतात. खोलवर, जिथे घाम तयार होतो त्या वेटोळ्यातील पेशी पाणी आणि क्षार सोडूनही शाबूत राहतात, म्हणून तिथे नव्या पेशींची गरज क्वचितच पडते. तैलग्रंथीची पेशी तेल सोडताना स्वतःच फुटून संपते, हे पाहता या चिवटपणाचे मला आजही अप्रूप वाटते.

२०१२ साली रॉकफेलर विद्यापीठातील एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पंजांवर दाखवून दिले, की वरची त्वचा खरवडली गेल्यास नळीतील मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी, विभागून ती भरून काढतात. वेटोळ्यातील मूलपेशी एरवी सुप्त असतात आणि ग्रंथीलाच इजा झाली तर आपापल्या प्रकारच्या पेशी घडवतात. त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठातील संशोधनाने माणसाच्या जखमा भरण्यातही स्वेदग्रंथींचा मोठा वाटा असल्याचे दाखवले. वरवर भाजलेल्या हाताची पट्टी बदलताना ओलसर गुलाबी तळावर बारीक पांढुरके ठिपके दिसतात आणि हळूहळू पसरत एकमेकांना मिळतात. केसांच्या मुळांतून आणि घामाच्या नळ्यांतून वर येणारी ती नवी त्वचा असते. तळहाताला केस नसतात, तिथे हा भार घामाच्या नळ्यांवरच पडतो.

म्हणजे ग्रंथी त्वचा घडवू शकते, पण त्वचा ग्रंथी घडवू शकत नाही. खोल भाजल्यावर वेटोळेच जळते. मांडीवरून काढून लावलेल्या पातळ कातडीबरोबरही ते येत नाही, मांडीतच खोल राहते, आणि म्हणूनच मांडीची जखम आपोआप भरते.

व्रण लहान असेल तर उरलेले अंग भरपाई करते. पाठ-छाती मोठ्या प्रमाणात भाजलेल्यांनी मात्र उन्हाळ्यात अंगावर ओले फडके ठेवावे आणि कारखान्यात सकाळची पाळी मागून घ्यावी, असे मी सांगते. लागल्यास तशी चिठ्ठीही लिहून देते.