रेडिएशननंतरची मळमळ आणि आधी घ्यायची गोळी

“उलटी झालीच तर गोळी घेऊ,” असे कर्करोगावरील रेडिएशनसाठी (किरणोपचारासाठी) तालुक्यांतून नाशिकला ये-जा करणारे कितीतरी रुग्ण म्हणतात. माझी मावशीही तेच म्हणत असे, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

तिला जठराच्या भागावर किरण दिले जात होते. मशीनखाली काहीच जाणवत नसे. मात्र पिंपळगाव बसवंतला परतताना एसटीने ओझर मागे टाकले की तिच्या तोंडात पाणी जमू लागे, कपाळावर घाम येई आणि ती पदर तोंडाशी धरून बसे. किरणांमुळे लहान आतड्याच्या अस्तरातील काही पेशी सेरोटोनिन नावाचे रसायन सोडतात, ते पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांना चेतवते आणि मेंदूतील उलटीचे केंद्र जागे होते. या साखळीला तास-दोन तास लागू शकतात. ऑन्डान्सेट्रॉन किंवा ग्रॅनिसेट्रॉन हे उलटी रोखणारे औषध हा संदेश मज्जातंतूपाशीच अडवते, त्यामुळे ते किरणांच्या आधी पोटात गेलेले असावे लागते. मावशीला डॉक्टरांनी ऑन्डान्सेट्रॉनची 8 मिलिग्रॅमची गोळी एक ते दोन तास आधी घ्यायला सांगितली आणि परतीचा प्रवास पुष्कळ सुसह्य झाला.

शेजारणीला स्तनावर रेडिएशन घेताना काही झाले नाही, म्हणून आपल्यालाही होणार नाही, असे मात्र धरून चालू नये. संपूर्ण शरीरावरील किरणांत धोका सर्वाधिक, पोटाचा वरचा भाग किंवा मेंदू आणि मणका एकत्र असल्यास मध्यम, आणि स्तन किंवा हातापायांवर अगदी कमी असतो.

काही वेळा जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने साखर वाढते, तेव्हा मधुमेह असल्यास आधीच सांगावे. ऑन्डान्सेट्रॉनमुळे बद्धकोष्ठता आणि डोकेदुखी होऊ शकते. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा त्याची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

जेवणात मावशीला मऊ भात आणि नाचणीची आंबील थोडी थोडी, कोमट करून चालत असे. फोडणीचा वास मात्र सोसत नसे. गोळी घेऊनही उलट्या थांबत नसतील, तर औषध बदलता किंवा वाढवता येते, हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा उलटीत रक्त दिसले, तर दुसऱ्या दिवशीच्या रेडिएशनची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.