सतरा नंबरचा दिवा

जानेवारी, गळीत हंगाम ऐन भरात. पहाटे सहाला साखर कारखान्यातून फोन आला, "साहेब, काटा बंद हाय." काटा बंद नव्हता. ट्रॉलीचं वजन होत होतं, पण आकडा सर्व्हरकडे जात नव्हता, म्हणून स्लिप निघत नव्हती, आणि स्लिपशिवाय ऊस गव्हाणीकडे सोडत नाहीत. मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टरांची रांग मुख्य रस्त्याला लागली होती. ड्रायव्हर खाली उतरून माझ्या बॅगेकडे बघत होते.

सर्व्हर रूममध्ये गेलो आणि रॅककडे बघूनच पोटात गोळा आला. एरवी स्विचचे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल जिथे येऊन जुळतात त्या डब्याचे, दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात. आज सगळे एकदम, एकाच वेगाने फडफडत होते. नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरताच येईना, म्हणून थेट त्यालाच जोडायची कन्सोल केबल लावली. लॉगमध्ये, म्हणजे स्विचच्या नोंदवहीत, एकच तक्रार धो धो वाहत होती: काट्यावरच्या कॉम्प्युटरचा मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) 3 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या खाचेवर, दिसला, मग 17 वर, पुन्हा 3 वर.

स्विचचं डोकं साधं असतं. आलेल्या फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या तुकड्यावर, पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा आणि 'हा अमुक पोर्टकडे राहतो' असं टेबलात लिहून ठेवायचं. ज्याला द्यायची त्याचा पत्ता टेबलात असला तर फ्रेम त्याच पोर्टला, नसला तर आली ते पोर्ट सोडून बाकी सगळीकडे. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेली फ्रेम, तर कायमच सगळीकडे. काट्याचा कॉम्प्युटर "सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा नंबर) कुणाकडे आहे?" असं विचारतो, ते ब्रॉडकास्टच. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे आयुष्याचा आकडा, असतो, दर राउटरला एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेटच्या, म्हणजे स्विच हाताळतो त्या, फ्रेमला असं काही नाही. वाट गोल असेल तर ती फिरतच राहते, आणि दर फेरीला तिची एकेक प्रत बाकीच्या प्रत्येक पोर्टवर. गिगाबिटच्या लाइनवर 64 बाइटच्या फ्रेम सेकंदाला जवळपास 14 लाख 88 हजार मावतात. त्या गर्दीत स्लिपचा आकडा कुठला पोचतोय?

आधी 17 ची केबल उपसली. दिवे थंडावले, आणि मिनिटाभरात काट्यावरचा प्रिंटर करकरला.

मग केबल धरून शोधत गेलो. 3 आणि 17, दोन्ही शेतकी ऑफिसात निघत होत्या. टेबलाखाली आठ पोर्टचा एक छोटा स्विच, उसाच्या पाचटाची धूळ बसलेला. आदल्या संध्याकाळी झाडलोट करताना कुणाला तरी एक सुटी वायर लोंबताना दिसली. "पायात येत होती ओ, म्हणून भिंतीतल्या सॉकेटात खोचली," तिथला कारकून म्हणाला. तिचं दुसरं टोक त्याच छोट्या स्विचमध्ये होतं. झाली वर्तुळाची सोय.

त्याला काय बोलणार? अशा वर्तुळासाठीच स्पॅनिंग ट्री आहे. रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना ही युक्ती काढली: स्विच एकमेकांना निरोप पाठवत राहतात, आणि आपलाच निरोप दुसऱ्या वाटेने परत आला की जास्तीची वाट अडवतात. मोठ्या स्विचमध्ये ती होती. बंद होती. मीच केली होती, गेल्या हंगामात. पोर्ट चालू व्हायला 30 सेकंद लागायचे, तेवढ्यात काट्याच्या कॉम्प्युटरला आयपी मिळायचा नाही आणि मला फोन यायचा. त्या एका पोर्टला 'इथे कॉम्प्युटरच आहे, थांबू नकोस' एवढं सांगून भागलं असतं. घाईत मी अख्ख्या स्विचचीच बंद करून मोकळा झालो होतो.

आता ती चालू केली, काट्याच्या पोर्टला सूट दिली. रांग सरल्यावर 17 ची केबल मुद्दाम परत लावली. खरं सांगायचं तर हात जरा कचरत होता. दिवा पिवळा झाला, हिरवा होईना.

"ह्यो बिघडला का ओ?" कारकून मागून डोकावला. अर्धा मिनिट गेला, एक मिनिट गेला. दिवा पिवळाच होता, आणि काट्यावर स्लिपा निघत होत्या.